राक्षस परवडला, बटण नको

ॲक्शन आरपीजी खेळणाऱ्या पोरांची तक्रार नीट ऐकली, तर ‘गेम अवघड आहे’ हे वाक्य तिच्यात क्वचितच सापडतं. अवघड तर त्यांना हवंच असतं. एकाच बॉसच्या, म्हणजे गेममधल्या बड्या शत्रूच्या, हातून रात्रभर मार खाऊन सकाळी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहणारी ही मंडळी आहेत. त्यांच्या तोंडी असतात ती वाक्यं दुसरीच. एक, “राव, मी बटण दाबलं होतं, तो हललाच नाही.” आणि दुसरं, “मला ह्याच्याशी लढायचंच नाहीये, मला पुढं जायचंय.” नगर जिल्ह्यातल्या वसतिगृहांपासून जगातल्या मोठ्या समीक्षकांपर्यंत गेली वीस-पंचवीस वर्षं जी चीड व्यक्त होते आहे, ती फिरून फिरून या दोन वाक्यांपाशी येते. तिला ‘हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही’ म्हणून उडवून लावणं मला साफ चुकीचं वाटतं.

हा प्रकार ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरपीजीमध्ये खेळाडू एक पात्र घडवतो: चोर, मांत्रिक, तलवारबाज, गोडबोल्या. मिळालेले गुण कुठं खर्च करायचे ते त्यानं ठरवायचं. त्यात ‘ॲक्शन’ आली की लढाई आकडेमोडीवर न सुटता खेळाडूच्या बोटांवर सुटते. म्हणजे एकाच गेमनं दोन वचनं दिलेली असतात. तू हवा तसा हो, आणि तुझा हात जेवढा तयार तेवढा तू पुढं जाशील. ही दोन वचनं एकमेकांच्या आड आली की चीड सुरू होते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे २०११ सालचा ‘ड्यूस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन’. हा गेम पहिल्या तासापासून तुम्हाला सांगतो की गोळी न झाडताही चालेल. हवेच्या झरोक्यातून सरपटत जा, संगणक फोडा, माणसाशी बोलून त्याला वळवा. खेळाडू त्यावर विश्वास ठेवतो आणि मिळालेली सगळी कमाई हॅकिंगमध्ये आणि लपण्यात घालतो. मग एका क्षणी दार मागून बंद होतं आणि समोर हातातच मशीनगन बसवलेला बॅरेट उभा राहतो. तिथं लपून काही साधत नाही, बोलून काही साधत नाही, हॅक करायला काही नाही. मारा किंवा मरा. ज्यानं बंदुकीवर एक गुणही खर्च केला नाही, त्याला आपलं सगळं शहाणपण त्या खोलीत निकामी झालेलं दिसतं. या बॉसच्या लढाया मूळ चमूनं केल्याच नव्हत्या; त्या ग्रिप एंटरटेनमेंट नावाच्या बाहेरच्या कंपनीकडून करून घेतल्या होत्या. हे कळल्यावर अनेकांना ‘तरीच’ असं झालं. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्याच खोल्या वाढवल्या, त्यांत झरोके आले, फोडायला संगणक आले, शत्रूवर उलटवता येतील अशा यंत्रबंदुका आल्या. बॅरेट तोच राहिला, पण आता चोराला चोरासारखं जिंकता येऊ लागलं. सक्तीचा बॉस असू नये असं मी म्हणणार नाही. मात्र खेळाडूनं जे पात्र घडवलंय त्या पात्राच्या बळावर त्याला हरवण्याची वाट असायलाच हवी, आणि ती ठेवता येते हे इथं सिद्ध झालं.

सक्तीचा दुसरा प्रकार याहून जुना आहे: मधेच दुसराच खेळ. २००३ च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये तलवारी आणि संवाद यांत रमलेल्या माणसाला कथा पुढं न्यायची तर हवेत धावणाऱ्या गाडीची शर्यत जिंकावी लागते. शर्यतीचे गेम आवडतात ते लोक वेगळे. त्यांनी शर्यतीचाच गेम घेतला असता. पुढं २०२४ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ’पर्यंत ही खोड गेलेली नाही. तिथले छोटे खेळ एकेकटे गोड आहेत, पण ढिगानं आहेत, आणि त्यांतले काही कथेच्या रस्त्यातच मांडून ठेवलेत.

तिसरा प्रकार मला सर्वांत जाचक वाटतो, कारण त्यात बक्षीस नसतं, हक्कच गहाण पडलेला असतो. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा फुकट मिळणारा गेम. पैसे न भरता इतकी खोली देणारा गेम म्हणून आपल्याकडच्या मुलांना तो जवळचा वाटला. त्यात मार्च २०१६ मध्ये ‘असेंडन्सी’ म्हणजे पात्राचं खास रूप आलं. त्याशिवाय पात्र अर्धंमुर्धंच राहतं. आणि ते मिळवायचं तर लॅबिरिंथ नावाच्या चक्रव्यूहात शिरावं लागतं: फिरती करवतं, जमिनीतून निघणारे सुळे, तेही अंगावरच्या ताकदीचा ठरावीक हिस्सा कापणारे. एकदा मेलात की पहिल्या पायरीपासून. आधीचे पन्नास तास तुम्ही राक्षसांच्या झुंडी मारायला शिकलेले असता, सापळ्यांतून नाचत जायला नव्हे. शिवाय मधेच इंटरनेट गेलं तरी फेरी वाया. पारनेर किंवा अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याला सुळ्यांपेक्षा ही अट जास्त महाग पडते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ आला तेव्हा चक्रव्यूहाऐवजी सेखेमांची परीक्षा आली. तिथं जिवाखेरीज ‘मान’ नावाची दुसरी पट्टी. वार लागला की मान जातो, मान संपला की परीक्षेबाहेर. तलवार घेऊन जवळून लढणाऱ्याला वार लागणारच, त्यामुळे लांबून बाण मारणारा सुटतो आणि जवळचा मरतो. ओरड इतकी झाली की कंपनीनं लवकरच जवळून लढणाऱ्यांची मानहानी कमी केली. सुधारणा झाली, पण मूळ प्रश्न तसाच उरला. आपल्या पात्राचं पूर्ण रूप हा खेळाडूचा हक्क आहे की एका वेगळ्या परीक्षेचं बक्षीस?

या सगळ्यात ‘एल्डन रिंग’चं (२०२२) मला मनापासून कौतुक आहे. अवघडपणात तो कुणाला ऐकत नाही, पण त्यातली सक्ती सैल आहे. पहिल्याच किल्ल्याच्या तोंडाशी बसलेला मार्गिट निघत नसेल तर कड्याच्या बाजूनं वाट आहे. त्याला न मारता पुढचा मुलूख गाठता येतो. राजधानीत शिरायला बड्या बॉसना मारून मिळणारे दोन महारून लागतात, पण कुठले दोन ते तुम्ही ठरवा. भिंत अडवते आहे तर घोडा वळवा, दुसरीकडं ताकद कमवा, परत या. त्यामुळे हरल्यावर चीड येण्याऐवजी बेत आखावासा वाटतो. याच गेमनं २०२४ च्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या पुरवणीत मात्र उलटं केलं. तिथं प्रवेशालाच राडान आणि मोग हे दोघे मारलेले असणं सक्तीचं. मोग तर आडबाजूला, गेमच्या उत्तरार्धात दडलेला. पुरवणीचे पैसे मोजून बसलेल्या कित्येकांना दारातच कळलं की आपण आत जाऊ शकत नाही.

इथवर झालं ते ‘मला पुढं जायचंय’बद्दल. ‘मी बटण दाबलं होतं’ या वाक्यात त्याहून बारीक गुंता आहे.

‘एल्डन रिंग’च्याच कंपनीच्या सोल्स मालिकेतली गडबडगुंडी घ्या. कंट्रोलरवर पळण्याचं आणि कोलांटी मारून वार चुकवण्याचं बटण एकच. दाबून धरलं तर पळायचं, टिचकी मारली तर कोलांटी. आता गेमला कसं कळणार तुम्ही टिचकी मारताय की दाबून धरताय? बोट उचलल्यावरच. म्हणून कोलांटी बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होते. घाबरलेला माणूस बटण घट्ट दाबतो, सोडायला क्षणभर उशीर करतो आणि तलवार अंगावर येते. पोरगा म्हणतो, मी दाबलं होतं. तो खरंच बोलतोय. शिवाय गेम तुमचं पुढचं बटण रांगेत धरून ठेवतो. मार खाताना गडबडीत दोनदा दाबलंत, तर उठल्यावर एक नको असलेली कोलांटी आपोआप होते, कित्येकदा कड्यावरून खाली. याच कंपनीनं २०१९ च्या ‘सेकिरो’मध्ये चुकवण्याची हालचाल बटण दाबताक्षणी होईल अशी ठेवली. ‘सेकिरो’ सोपा आहे असं कुणी म्हणून दाखवावं.

माऊसची कहाणी वेगळी. १९९६ च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’ आधी आळीपाळीनं चाली करण्याचा गेम होणार होता. डेव्हिड ब्रेव्हिकनं तो सलग वेळेत चालवून पाहिला आणि क्लिक केलं की सांगाडा कोसळतो यातली मजा सगळ्यांना कळली. पण त्याच डाव्या क्लिकवर चालणं आणि मारणं दोन्ही बसवलेलं. क्लिक राक्षसावर न पडता त्याच्या शेजारच्या फरशीवर पडलं की आपला धनुर्धारी बाण सोडण्याऐवजी चालत झुंडीत जातो. शिफ्ट दाबून धरलं तर जागेवर उभा राहून मारतो, हे कुणीतरी शिकवावं लागतं. कीबोर्डच्या चार कळांनी चालायचं आणि माऊसनं नेम धरायचा ही साधी सोय या घराण्याच्या बड्या गेममध्ये रुजायला फार वर्षं गेली. ‘पाथ ऑफ एक्झाइल २’मध्ये ती पहिल्या दिवसापासून आहे, आणि मनगट दुखणाऱ्यांनी तिचं केलेलं स्वागत रास्त होतं.

२०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ संगणकावर आला तेव्हा तर पडद्यावर सूचना एक्सबॉक्सच्या बटणांच्या आणि हातात कीबोर्ड, असा प्रकार होता. ‘ए दाबा’ म्हणजे कीबोर्डवरचा ए नव्हे. ज्यांच्याकडं कंट्रोलर होता त्यांनी निभावलं. लोणी, संगमनेर, विळद घाट इथल्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहात ज्याच्या लॅपटॉपला बाहेरचा माऊससुद्धा उसना आणावा लागतो, त्याच्यासाठी हा गेम अवघड नव्हता, बंद होता. त्यात स्वस्त कीबोर्डचा एक दोष जमेस धरा. त्याच्या आतल्या तारांच्या जाळीमुळे काही तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी नोंदवलीच जात नाही. पुढं, डावीकडं आणि उडी एकाच वेळी दाबायची, आणि उडी गिळली जाते. मुलगा स्वतःला दोष देत बसतो. कळा बदलायची मुभा असती तर उडी दुसऱ्या, जाळीच्या बाहेरच्या कळीवर नेता आली असती.

कंट्रोलची पद्धत ही मुळात कुठल्या तरी अडचणीवरचा तोडगा असते, हेही विसरून चालणार नाही. नगरमध्ये १९४८ पासून आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, आणि १९९४ मध्ये उघडलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम इथल्या बहुतेक मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. पट्ट्यांवर चालणारा रणगाडा मोटारीसारखा वळत नाही. एका बाजूचा पट्टा मंदावायचा, दुसऱ्या बाजूचा चालू ठेवायचा, तोंड फिरलं की पुढं जायचं. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मधली माणसं नेमकी अशीच वळतात, म्हणून जगभर त्या पद्धतीला टँक कंट्रोल म्हणतात आणि तिच्या नावानं बोटं मोडतात. पण त्या गेममध्ये कॅमेरे खोलीच्या कोपऱ्यांत ठोकलेले होते. चालता चालता चित्र एकदम उलट्या बाजूनं दिसू लागे. ‘पुढं’ म्हणजे पात्राच्या नाकासमोर, असं ठरवल्यामुळे कॅमेरा बदलला तरी धावणाऱ्याची दिशा बदलत नसे. तोडगा बरोबर होता. अडचण गेल्यावरही तो कवटाळून बसणं चूक ठरलं असतं. २०१५ च्या नव्या आवृत्तीत जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती दिल्या, आणि ज्याला जी हवी ती त्यानं घेतली. भांडण मिटलं.

आपल्या जिल्ह्यात या चिडीला आणखी एक धार येते, आणि तिच्याबद्दल मोठ्या शहरांतले समीक्षक लिहीत नाहीत. शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज ठरल्या वेळीच मिळते, वर्षानुवर्षं आळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. राहुरी-नेवाशाकडच्या ऊस-कांद्याच्या घरात रात्री खेळत बसलेल्या मुलाला हाक येते, “अरे, लाईट आली, मोटर चालू करून ये, दारं धरायचीत.” बॉसचं अर्धं रक्त उतरलेलं असतं. आणि सोल्स मालिकेत पॉज नाही. दुसरे खेळाडू तुमच्या जगात घुसू शकतात म्हणून ती सोय नाही, असं कारण दिलं जातं. पण इंटरनेट बंद ठेवून एकट्यानं खेळतानाही ती नाहीच. इथं पुन्हा ‘सेकिरो’च साक्षीला येतो. त्यात पॉज आहे. पॉज दिल्यानं त्याची धार बोथट झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. थांबता न येणं हे आव्हान नाही, ते फक्त थांबता न येणं आहे. ज्याच्या घरी हाक मारणारं कुणी नाही, ज्याला तान्हं बाळ सांभाळायचं नाही, म्हाताऱ्या आजीला पाणी द्यायचं नाही, त्याच्यासाठीच हा खेळ, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला मान्य नाही.

सेव्हचंही तसंच. सोल्स मालिका इथं उलट उदार आहे. ती पावलोपावली आपोआप नोंद ठेवते, लाईट गेली तरी फार नुकसान होत नाही. पण २०१७ चा ‘निअर: ऑटोमाटा’ पाहा. विलक्षण गेम, मी त्याला गेल्या दशकातल्या उत्तम कथांपैकी एक मानतो. त्याचा पहिला अर्ध्या-पाऊण तासाचा भाग सेव्हच होत नाही. मेलात तर पहिल्यापासून, आणि वीज गेली तरी पहिल्यापासून. इन्व्हर्टर नसलेल्या घरात पावसाळ्याच्या दिवसांत तो भाग पार करणं हे खेळाडूच्या कौशल्यावर नव्हे, फिडरवर अवलंबून राहतं. कथेच्या दृष्टीनं त्या रचनेला कारण असेलही. तरी ज्यानं तिथंच गेम सोडला त्याच्यापर्यंत ती कथा पोचलीच नाही.

आणि ही सगळी मुलं आली कुठून? मोबाइलवरून. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, आणि गावोगावच्या पारावर दोन अंगठ्यांची चार बोटं होताना आपण पाहिलं. त्या फुकटच्या गेममध्ये प्रत्येक बटण बोटानं ओढून हवं तिथं नेता येतं, मोठं-लहान करता येतं, पुसट करता येतं. ज्याचा अंगठा आखूड त्यानं जवळ घ्यावं, डावखुऱ्यानं बाजू बदलावी. ही मुभा अंगवळणी पडलेला मुलगा हजारो रुपयांचा गेम घेतो आणि तिथं त्याला सांगितलं जातं की चार ठरीव मांडण्यांतली एक निवड. त्याला ते मागासलेलं वाटलं तर नवल काय?

मग मोठ्या सोयींच्या विरुद्ध जो मुद्दा मांडला जातो तो काय आहे? सोल्स मालिकेचे कर्ते हिदेताका मियाझाकींनी तो नेमका मांडला आहे: सगळ्यांना एकच अवघडपणा मिळावा, म्हणजे सगळ्यांचा अनुभव आणि त्यावरची चर्चा एकाच पातळीवर राहील. हे म्हणणं मला पोकळ वाटत नाही. जामखेडचा मुलगा आणि टोकियोचा मुलगा एकाच राक्षसाबद्दल एकाच आदरानं बोलतात, यात मोठी गोष्ट आहे. फक्त हा युक्तिवाद राक्षसाला लागू होतो, बटणाला नाही. एकाच्या हातात कंट्रोलर, दुसऱ्याच्या हातात कळा गिळणारा कीबोर्ड. एकाची वीज अखंड, दुसऱ्याची तुटक. अनुभव एक राहिलाच कुठं? कळा बदलू दिल्या, पॉज दिला, तर उलट दोघं एका पातळीवर येतात.

त्यापुढं जाऊन मदत द्यायची तर ती कशी द्यावी याचे चांगले नमुने आता आहेत. २०२० च्या ‘हेडीस’मध्ये गॉड मोड चालू केला की तुम्हाला होणारी इजा वीस टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के, ऐंशीपर्यंत. म्हणजे तुमचा हात तयार होईपर्यंत गेम हळूहळू एक-एक पाऊल मागं सरतो. ‘फायनल फँटसी १६’ (२०२३) अंगठ्या देतो. एक घातली की वार येताना वेळ मंदावतो, दुसरी घातली की एका बटणावर सगळे डाव होतात. पण अंगठीला दागिन्याची एक जागा द्यावी लागते, त्यामुळे मदत ही सुद्धा पात्र घडवण्याचाच भाग होते. आरपीजीच्या स्वभावाला हे अधिक धरून आहे असं मला वाटतं. आणि ‘विचर’वाल्या पोलंडच्या कंपनीचं नाव घ्यायलाच हवं. २०११ च्या दुसऱ्या भागाची सुरुवात इतकी निर्दय होती की काही महिन्यांनी त्यांनी शिकवणीचा वेगळा भागच जोडला. २०१५ च्या तिसऱ्या भागात नायक गेराल्ट जडपणे वळतो, वळसा घेऊन थांबतो, अशी तक्रार झाली. दोनेक महिन्यांत त्यांनी चालण्याची दुसरी पद्धत पर्याय म्हणून दिली. पहिली काढली नाही. ज्यांना वजनदार चाल आवडत होती त्यांची तीही राहिली.

आपल्या घरचं पाहायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं केलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी चमूनं नेटानं २०२० मध्ये गेम आणला. हा निव्वळ आरपीजी नाही, पण त्याच नात्यातला आहे. राजी ही सर्कशीतली मुलगी, तिच्या उड्या, त्रिशूळ, भिंतीवरचं चित्रकाम, सगळं देखणं. कॅमेरा मात्र कलाकारानं ठरवलेल्या जागी. चित्र सुंदर दिसावं म्हणून तो लांब जातो आणि नेमक्या त्याच जागी उडीचं अंतर डोळ्याला कळत नाही. भारतातून आलेल्या गेमबद्दल अभिमान वाटणाऱ्यांनीही ही कुरकुर केली, आणि ती अभिमानानं दाबून टाकण्यात कुणाचंच भलं नव्हतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. शिकवणीची सूचना लढाईच्या धामधुमीत इंग्रजीतून वाचायला लागणाऱ्या मुलाला आपल्या भाषेतला आवाज म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मराठी मजकूर देणारा मोठा ॲक्शन आरपीजी अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

पुण्याशीच जोडलेल्या तारा गेमिंगनं २०२५ मध्ये ‘द एज ऑफ भारत’ जाहीर केला. लेखक अमीश त्रिपाठी आणि अमिताभ बच्चन त्यात आहेत. गडद पुराणकथेचा ॲक्शन आरपीजी, असं त्याचं वर्णन आहे. झलक पाहणारे शस्त्रं आणि राक्षस मोजतील. मी आधी सेटिंगचं पान उघडीन: सगळ्या कळा बदलता येतात का, एकट्यानं खेळताना पॉज होतो का, पहिला सेव्ह किती मिनिटांनी पडतो, आणि बोलून किंवा लपून खेळणाऱ्याला पहिल्या सक्तीच्या बॉसपाशी काय करता येतं. पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटर आहे. गेम बाजारात आणण्याआधी तो इथल्या एखाद्या वसतिगृहात, साध्या कीबोर्डवर, चार मुलांना खेळायला दिला, तर या चारही प्रश्नांची उत्तरं त्या चमूला एका रात्रीत मिळतील.